पाच वॉट आणि वेत्येची वाळू

राजापूरच्या स्टँडवर आडिवऱ्याच्या गाडीत चढताना कंडक्टरनं माझ्या हातातली लांबुडकी पिशवी पाहिली आणि विचारलं, "गरवायला चाललात काय?" काठी गळाचीच होती, त्यामुळे नाही म्हणवेना. फायबरची, मिटली की दोन हात आणि उघडली की दहा मीटर. माझ्या काठीच्या टोकाला मात्र गळाऐवजी तांब्याची बारीक तार असते. बाकीचं केंद्र पाठीवरच्या सॅकमध्ये होतं. जेवणाच्या डब्याएवढा रेडिओ, 12.8 व्होल्टची लिथियमची बॅटरी, मोर्सची की, हेडफोन, फळीवर गुंडाळलेली तार, वही आणि दोन पेन्सिली. सगळं मिळून चार किलोच्या आत. एवढं घेऊन मी दर हिवाळ्यात कुठं तरी जातो, तार उभी करतो आणि तिथून जगाला हाक मारतो.

हौशी रेडिओवाल्यांत, म्हणजे हॅम मंडळींत, या प्रकाराला क्यूआरपी म्हणतात. हा तारायंत्राच्या काळातला संकेत आहे. 'शक्ती कमी करा' असा त्याचा अर्थ. आता मोर्सवर जास्तीत जास्त 5 वॉटवर चालणाऱ्या केंद्राला हे नाव पडलं आहे. साधा जुना मोबाईल चार्जर 5 वॉटचा असतो. तेवढ्यात माणसाचा संदेश अरबी समुद्र ओलांडून जातो, हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. पण गणित सरळ आहे. शंभर वॉटवरून 5 वॉटवर आलं की शक्ती विसाव्या हिश्श्यावर येते. डेसिबलच्या मापात हा फरक 13 चा, आणि ऐकणाऱ्याच्या रेडिओवरच्या काट्यावर जेमतेम दोन घरांचा. ती दोन घरं भरून काढायला तीन गोष्टी लागतात. चांगली जागा, नेमकी वेळ, आणि पलीकडे कान देऊन ऐकणारा माणूस. पहिल्या दोन गोष्टी प्रवासानं मिळवता येतात. तिसरी आपल्या हातात नसते.

पुण्यातल्या माझ्या घरातून हे जमत नाही. इमारतीच्या गच्चीवर सौर पॅनेलचा इन्व्हर्टर, प्रत्येक घरात एलईडी दिवे, लिफ्टची मोटर, शेकडो चार्जर. यातलं प्रत्येक यंत्र आपली बारीक खरखर हवेत सोडत असतं. रेडिओ लावला की काटा वर चढून तिथेच बसतो आणि दूरचा क्षीण आवाज त्याखाली गाडला जातो. माझे 5 वॉट बाहेर जातात, उत्तरही येत असेल, पण ते मला ऐकू येत नाही. शहरात राहणाऱ्या हॅमचं हे रोजचं दुखणं आहे. म्हणून मला कोकणातला सडा हवा असतो.

पहिल्या दिवशी देवाचे गोठणे गाठलं. भार्गवरामाच्या देवळापासून पाखाडी चढून वर आलं की एकदम झाडं संपतात आणि जांभ्याचा उघडा कातळ पसरतो. डिसेंबरअखेरचं गवत वाळून सोनेरी झालं होतं. त्या कातळात कोरलेली आडवी पडलेली मनुष्याकृती इथं आहे. राजापूर आणि रत्नागिरी तालुक्यांतल्या सड्यांवर अशी कातळशिल्पं ठिकठिकाणी सापडली आहेत. पण या शिल्पाची एक गोष्ट वेगळी आहे. त्याच्याजवळ होकायंत्र धरलं की सुई भरकटते. तार कुठल्या दिशेनं बांधायची ते ठरवायला मी होकायंत्र नेहमी जवळ ठेवतो. शिल्पाजवळ ते बाहेर काढलं तर सुई भलतीकडेच वळली. दोन पावलं सरकलो तर आणखी वेगळी. शेवटी होकायंत्र खिशात टाकलं आणि सूर्य कुठं आहे ते पाहून अंदाज बांधला. ज्यानं हे कोरलं त्याला दगडातली ही गोष्ट ठाऊक होती का, हा प्रश्न तिथं उभं राहिलेल्या प्रत्येकाच्या मनात येतो. माझ्याही आला.

शिल्पापासून बरंच लांब, वाटेच्या कडेला मी काठी उभी केली. कातळात खुंटी ठोकता येत नाही, आणि अशा जागी ठोकूही नये. चार सुट्या चिऱ्यांना ताण बांधले. 7 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी अर्ध्या तरंगलांबीची तार साधारण वीस मीटर लागते. मध्य काठीच्या टोकाला, दोन्ही टोकं खाली उतरती. पालथ्या 'व्ही'सारखी. हेडफोन कानाला लावले आणि क्षणभर वाटलं, रेडिओ बंदच आहे. काटा शून्यावर. खरखर नाही, गुणगुण नाही. मग हळूहळू त्या शांततेत एकेक आवाज वर येऊ लागला. दक्षिणेतलं कुणीतरी मोर्समध्ये बोलत होतं, त्याच्यामागे आणखी कुणीतरी, इतकं बारीक की श्वास रोखून ऐकावं. शहरातून इथवर येण्याचं सगळं मोल त्या पहिल्या मिनिटात आहे.

दिवसाच्या वेळी हा पट्टा काही शे किलोमीटरची साथ देतो. वातावरणाच्या वरच्या भागात, जमिनीपासून अडीचशे-तीनशे किलोमीटरांवर, सूर्यानं विद्युत्‌भारित केलेला थर असतो. तो आपल्या लहरी आरशासारख्या परत खाली पाठवतो. त्याच्या खूप खाली आणखी एक थर आहे. तो दिवसा लहरी शोषून घेतो आणि सूर्य बुडाला की विरून जातो. म्हणून 7 मेगाहर्ट्झवर दुपारी केरळ मिळतं आणि रात्री युरोप. त्या सकाळी मला केरळ, बेंगळुरू आणि हैदराबाद मिळालं. हैदराबादचा आवाज आला तेव्हा बरं वाटलं, कारण माझा रेडिओ त्या गावचा आहे. तिथल्या अश्हर फरहान यांनी 2003 च्या सुमारास 'बिटएक्स' नावाचा संच आखला. भारतातल्या हौशी माणसाला बाजारात सहज मिळतील अशाच सुट्या भागांतून तो घरी बांधता यावा, हा त्यांचा आग्रह होता. विशिष्ट चुंबकीय कडी मिळत नाही म्हणून त्यातली वेटोळी नळाच्या वायसरवर गुंडाळायची सोय त्यांनी केली होती. आज त्या आराखड्याची रूपं जगभर वापरात आहेत. माझा संच पुढच्या पिढीतला, 'मायक्रोबिटएक्स'. मी तो स्वतः पेटीत बसवला आहे, आणि त्यातला प्रत्येक सांधा मला ओळखीचा आहे. आपल्या देशातल्या माणसानं सगळ्यांसाठी मोकळी केलेली ही विद्या आहे. मला तिचा अभिमान वाटतो.

या पट्ट्यावर आलं की मला आणखी एक आठवण होते. 1942 च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत गुप्तपणे काँग्रेस रेडिओ सुरू केला. पहिलं प्रसारण 27 ऑगस्टचं, आणि 12 नोव्हेंबरला पोलिसांनी धाड घालून ते बंद पाडलं. मधल्या काळात पकडलं जाऊ नये म्हणून ही मंडळी यंत्र घेऊन मुंबईत एका घरातून दुसऱ्या घरात फिरत होती. त्यांची तरंगलांबी 42.34 मीटर होती. वहीत भागाकार करून पाहा, 7.08 मेगाहर्ट्झ येतात. मी सड्यावर बसलो होतो 7.03 वर. म्हणजे रेडिओची चकती केसभर फिरवली की त्यांची जागा. महायुद्ध सुरू झाल्यावर हौशी केंद्रांचे परवाने सरकारनं रद्द केले होते, त्यामुळे त्या लहरीवर बोलणं हा गुन्हाच होता. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. मी तिथं परवाना खिशात घालून उन्हात निवांत बसतो, तेव्हा ती लहर एकदा ऐकल्याशिवाय पुढं जात नाही.

साडेअकराला वारा सुटला. सड्यावरचा वारा अडवायला काही नसतं. काठीचं वरचं पेर कडकन मोडलं आणि तार गवतात आली. मुळाशी बारीक तडा गेला होता, तो मी निघताना पाहायला हवा होता. आवरून खाली उतरलो.

आडिवऱ्याजवळ वेत्येला ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या तात्यांनी संध्याकाळी मोडकी काठी हातात घेऊन निरखली. तात्यांची हयात बोटीवर गेली. मुंबईहून सुटणाऱ्या मालवाहू बोटींवर खलाशी म्हणून. आता चार कलमं, माड आणि दोन खोल्या पाहुण्यांना. "ही काय उपयोगाची नाय आता," ते म्हणाले, "आपला झेला हाय की." आंबे उतरवायचा झेला, चांगला पंधरा-सोळा हात लांब बांबू, टोकाला जाळी. आंब्याला अजून वेळ होता, झेला पडवीत आडवा बांधलेलाच होता.

पण त्याआधी एक काम होतं. आम्ही दोघं पोलीसपाटलांकडे गेलो. परवान्याची प्रत दाखवली, काय करणार, कुठं बसणार, किती वाजेपर्यंत, सगळं सांगितलं आणि त्यांच्याकरवी ठाण्यावर कळवलं. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका किनाऱ्यावर मी हे केलं नव्हतं. कुणीतरी कळवलं आणि रात्री दहापर्यंत मला चौकीत बसावं लागलं. त्यांचं बरोबरच होतं. 1993 मध्ये स्फोटकं आणि 2008 मध्ये हल्लेखोर याच समुद्रावरून मुंबईकडे गेले, हे किनाऱ्यावरचा माणूस विसरलेला नाही, आणि त्यानं विसरूही नये. अनोळखी माणूस हेडफोन लावून समुद्राकडे तोंड करून बसला तर विचारणा व्हायलाच हवी. हॅमनं स्वतःहून आधी जावं.

पाटलांनी रीतसर चौकशी केली आणि मग विचारलं, "पण आता हातात फोन असताना ह्याचा उपयोग काय?" हा प्रश्न प्रत्येक गावात येतो, आणि मी दर वेळी अंदमानची गोष्ट सांगतो. 2004 च्या डिसेंबरात भारती प्रसाद आणि काही हॅम मंडळी पोर्ट ब्लेअरला केंद्र लावून बसली होती. अंदमानातून कित्येक वर्षांत हौशी प्रसारण झालं नव्हतं, म्हणून जगभरचे हॅम त्यांच्याशी बोलायला रांग लावून होते. ही प्रवासातली हौसच होती, माझ्यासारखी. 26 तारखेच्या पहाटे जमीन हादरली, मग समुद्र आत आला. फोन गेले. या मंडळींचं सामान तयार होतं, हात सरावलेले होते. त्यांनी तेच केंद्र मदतीला लावलं आणि बेटांवरच्या माणसांची खबर मुख्य भूमीवरच्या नातेवाइकांना पोचवली. पाटील ऐकत राहिले. मग म्हणाले, "वादळात आमचे पण टॉवर गेले होते. किती दिवस रेंज नव्हती." आणखी काही समजवावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास तात्या, त्यांची पाचवीतली नात आणि मी झेला घेऊन किनाऱ्यावर गेलो. वेत्येचा किनारा लहान, स्वच्छ, आणि पश्चिमेला सताड उघडा. भरतीच्या रेषेच्या थोडं वर झेला उभा केला आणि त्याला पाच मीटर तार सरळ उभी बांधली. 14 मेगाहर्ट्झसाठी पाव तरंगलांबी. दोन तारा ओल्या वाळूवर पसरल्या. समुद्रकाठी उभ्या तारेला जो फायदा मिळतो तो डोंगरावरही मिळत नाही. खारं पाणी वीज फार चांगली वाहतं. लहरी त्या पाण्यावरून अगदी क्षितिजालगत निघतात, आणि जितक्या सपाट निघतात तितक्या लांब जाऊन उतरतात. जांभ्याचा सडा शांतता देतो. समुद्र पल्ला देतो.

आधी 14.100 वर गेलो. तिथं जगातली अठरा केंद्रं आळीपाळीनं, दर तीन मिनिटांनी एकदा, आपापली खूण पाठवत असतात. प्रत्येकाला दहा सेकंद. आधी केंद्राचं नाव मोर्समध्ये, मग एकेक सेकंदाच्या चार लांब शिट्ट्या. पहिली 100 वॉटची, दुसरी 10 ची, तिसरी 1 ची आणि चौथी 0.1 वॉटची. चार्जरवरचा लाल टिपका असतो ना, तसल्या एकदोन टिपक्यांएवढी ती शेवटची शक्ती. कुठली वाट किती उघडी आहे ते या चार शिट्ट्या सांगतात. मी हेडफोन काढून लहानसा स्पीकर लावला. श्रीलंका आली, मग दक्षिण आफ्रिका, मग केनिया, मग इस्रायल. एकामागून एक, हजेरी द्यावी तशी.

"किती शिट्ट्या ऐकल्यास?" मी मुलीला विचारलं.

श्रीलंकेच्या चार, आफ्रिकेच्या दोन. केनियाच्या वेळी मला तीन आल्या. ती म्हणाली, "चार, काका."

मला खात्री वाटली नाही. तीन मिनिटं थांबलो. पुन्हा केनिया. तिनं डोळे मिटले, हात वर केला आणि प्रत्येक शिट्टीला एक बोट उघडलं. चौथं बोट उघडलं तेव्हा लाट मागं सरली होती, आणि मलाही ती ऐकू आली. अतिशय बारीक, पण होती. साडेचार हजार किलोमीटरांवरून, एका वॉटचा दहावा भाग.

तात्या काही बोलले नाहीत. मोर्सचा आवाज सुरू झाल्यापासून ते गप्पच होते. थोड्या वेळानं म्हणाले, "मार्कोनी साहेबाच्या केबिनातनं रात्री असाच आवाज यायचा." बोटीवरच्या रेडिओ ऑफिसरला खलाशी मार्कोनी साहेब म्हणत. "त्याच्या दाराशी जाऊन उभं राहायची आमाला सवय. घरचा निरोप आला तर त्याच्याकडेच येणार. बापूस गेला तेव्हा आमची बोट लांब होती. साहेब स्वतः कागद घेऊन खाली आला. बसून वाचून दाखवलान." तेव्हा बोटीवरचे असे निरोप किनाऱ्यावरच्या केंद्रांमार्फत जात. मुंबईच्या केंद्राची खूण व्हीडब्ल्यूबी होती. 1999 च्या फेब्रुवारीत बोटींवरून मोर्सची सक्ती गेली, आणि मार्कोनी साहेबही गेले. आपल्याकडची तार 2013 च्या जुलैत बंद झाली. आता ही भाषा प्रामुख्यानं हौशी माणसांनी राखली आहे. तात्यांना त्यातलं एक अक्षरही वाचता येत नव्हतं. पण ते ऐकत होते तसं मी फार थोड्यांना ऐकताना पाहिलं आहे.

सव्वासहाला सूर्य पाण्याला टेकला. मी 14.060 वर जाऊन हाक मारायला लागलो. 'सीक्यू, सीक्यू', मग माझा कॉलसाइन, म्हणजे माझ्या केंद्राची खूण, मग कान देऊन थांबायचं. पुन्हा. पंधरा मिनिटं कुणीही नाही. 5 वॉटवाल्यानं हे धरूनच चालावं. बडं केंद्र हाक मारतं तेव्हा समोरच्याला ती ऐकावीच लागते. आपली हाक ज्याला ऐकायची असेल त्यालाच ऐकू जाते. आणि मग खरखरीतून कुणीतरी वर आलं. माझ्या कॉलसाइनची पहिली तीन अक्षरं, आणि पुढं प्रश्नचिन्ह.

कॉलसाइन इटलीचा होता. सहा हजार किलोमीटरांहून जास्त अंतर. त्याला माझी उरलेली अक्षरं मिळाली नव्हती. मी सावकाश पुन्हा पाठवली. त्यानं एक अक्षर जोडलं, पुढं परत प्रश्नचिन्ह. लहर उतरत होती, चढत होती. मी पुन्हा पाठवलं. आता एकच अक्षर चुकलेलं. कंटाळून दुसरीकडे जायला त्याला काहीच हरकत नव्हती, तिथं मोठ्या आवाजाची शंभर केंद्रं असतील. तो गेला नाही. चौथ्या खेपेस पूर्ण कॉलसाइन बरोबर आला, आणि त्यामागे 339. पहिला 3 म्हणजे कष्टानं वाचता येतं. दुसरा 3, आवाज क्षीण. शेवटचा 9, सूर स्वच्छ. मी त्याला 579 दिले आणि 5 वॉट, समुद्रकाठ, एवढंच सांगितलं. त्यानं अभिनंदन पाठवलं, मग 73, म्हणजे शुभेच्छा, आणि त्याचा सूर मिटत गेला.

या भेटीत माझं कर्तृत्व थोडं आहे. तार झेल्यावर होती, वाट सूर्यानं आणि समुद्रानं उघडली होती, आणि काम केलं ते पलीकडच्या माणसानं, चार वेळा थांबून. मोठ्या शक्तीच्या केंद्रावर बसून मला हे कधी कळलं नसतं, कारण तिथं समोरच्याला कष्ट पडत नाहीत. तेव्हापासून माझ्या रेडिओवर कुणी क्षीण आवाजात हाक मारली तर मी हलत नाही. पूर्ण कॉलसाइन येईपर्यंत विचारत राहतो.

मुलीनं वहीत नोंद केली. वेळ मी सांगितली, 13:02, कारण हॅमची घड्याळं ग्रीनिचच्या वेळेवर चालतात. अंधार पडायच्या आत आवरायचं होतं. वेत्येला थंडीत कासविणी अंडी घालायला वर येतात, त्यांच्या वाटेत दिवा नको आणि तारही नको. वाळूवरच्या दोन्ही तारा गुंडाळल्या, मोजल्या, एकही तुकडा मागं राहिला नाही याची खात्री केली. झेला तात्यांनी खांद्यावर घेतला.

वाटेत मुलीनं विचारलं, की दाबायला काय लागतं. परीक्षा द्यावी लागते, मी म्हटलं. थोडी वीज, थोडे नियम. केंद्र सरकारच्या बिनतारी विभागाची परीक्षा, आणि सुरुवातीच्या परवान्याला मोर्सची अटही नाही. तिनं मोर्स शिकणारच असं सांगितलं, आणि मग वय विचारलं.

किमान वय 12. तिला या मे महिन्यात बारा पूर्ण होतील.